जयगडचा धक्का: वागातोरला निघालेल्या बारा मोटरसायकलींचं प्रकरण

२२ नोव्हेंबर २०२३, बुधवार. दुपारी पाऊण वाजता फेरीबोटीची फळी जयगडच्या धक्क्याला टेकली आणि पाच मिनिटांच्या आत आमच्या गटातल्या एका रायडरचं मनगट मोडलं. गाडीचा वेग चालत्या माणसाएवढा होता. वळण नव्हतं, खड्डा नव्हता, समोरून कुणी येत नव्हतं. दोन दिवसांनी वागातोरला मोटोव्हर्स हा मोटरसायकलींचा मेळावा सुरू व्हायचा होता आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी गोव्यात पोचायचं, एवढ्या एका गोष्टीवर आमची सगळी सहल बांधलेली होती.

मी त्या सहलीत स्वीप होतो. स्वीप म्हणजे शेवटचा रायडर. सगळ्यांच्या मागे राहायचं, कुणी थांबलं तर थांबायचं, कुणालाही रस्त्यावर एकटं सोडायचं नाही. त्यामुळे ते पडणं मी नीट पाहिलं. पुढे वर्षभर मी आणि आमचा लीड, म्हणजे सर्वांत पुढचा रायडर, दोघं त्या पाच मिनिटांकडे परत परत जात राहिलो, आणि दर वेळी आदल्या दिवसात, त्याच्या आदल्या दिवसात आणि शेवटी योजनेच्या कागदावर जाऊन पोचलो. प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण तसाच कागद खिशात घेऊन किनाऱ्याने गोव्याला निघालेले गट मला दर हिवाळ्यात धक्क्यांवर भेटतात.

गट आणि कागद

रॉयल एन्फिल्डचा हा मेळावा पूर्वी रायडर मॅनिया म्हणून ओळखला जायचा. २०२३ साली त्याचं नाव मोटोव्हर्स झालं. २४ ते २६ नोव्हेंबर, तीन दिवस. डर्ट ट्रॅक, लोकांनी स्वतः नटवलेल्या गाड्या, रात्री गाणी, आणि देशभरातून आलेल्या रायडरांच्या गप्पा. त्या वर्षी नव्या हिमालयन मोटरसायकलची किंमत तिथे जाहीर व्हायची होती, त्यामुळे तरुण मंडळींना पहिल्या दिवसाचं वेड लागलं होतं.

आम्ही दोघं मित्र हिवाळ्यात अशा मोजक्या सहली काढतो. या वेळी दहा पाहुणे होते. सर्वांत लहान सव्वीस वर्षांचा, सर्वांत मोठे एकसष्टचे. पुढे लीड, मागे मी, आणि माझ्या मागे सामानाचा पिकअप, त्यात चालक आणि मेकॅनिक. पिकअपमध्ये एक गाडी मावेल एवढी जागा आम्ही मुद्दाम मोकळी ठेवली होती. पूर्ण योजनेत नीट विचार करून केलेलं हे एक काम, आणि तेच शेवटी उपयोगी पडलं.

कागदावर चार दिवस होते. सोमवारी भाऊच्या धक्क्यावरून गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीने मांडवा आणि तिथून अलिबाग, मुरूड, आगरदांडा-दिघी करत दिवेआगर. मंगळवारी हरिहरेश्वर, बाणकोट, दापोली, दाभोळ करत गुहागर. बुधवारी तवसाळ-जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग करत देवगड. गुरुवारी मालवण, वेंगुर्ला, तेरेखोल, वागातोर. दिवसाला सरासरी दीडशे किलोमीटर. बुलेटवर बसणाऱ्या कुणालाही दीडशे किलोमीटर हा आकडा घाबरवत नाही. पुण्याहून निघून जेवायच्या आत तेवढं होतं.

चूक इथेच होती. घाटावरच्या माणसाच्या सवयीने आम्ही किलोमीटर मोजले. कोकणचा किनारा किलोमीटरने मोजता येत नाही, तो खाड्यांनी मोजावा लागतो. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या समुद्राला मिळतात तिथे रस्ता पाण्यापाशी येऊन थांबतो. रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग नकाशावर सलग दिसतो, पण तेव्हा मधल्या काही मोठ्या खाड्यांवर पूल नव्हते. बाणकोटच्या खाडीवरचा पूल कित्येक वर्षं अर्धवट उभा होता. तिथे गाडी फेरीबोटीत चढते, पलीकडे उतरते आणि पुढे जाते. पाण्यावरचा वेळ पंधरा-वीस मिनिटांचा. पण बोट नुकतीच सुटलेली असते, पुढे चारचाकींची रांग असते, तिकीट काढायचं असतं, बारा गाड्या एकेक करून चढवायच्या आणि उतरवायच्या असतात, मग वर जाऊन पुन्हा सगळे जमेपर्यंत थांबायचं असतं. एक खाडी म्हणजे दीड तास. आम्ही प्रत्येक खाडीला वीस मिनिटं लिहिली होती.

मंगळवार

सोमवार छान गेला. दिवेआगरला पोचलो तेव्हा उजेड होता, सगळ्यांनी समुद्र पाहिला, दमलं कुणीच नव्हतं. त्यामुळे आपला कागद बरोबर आहे असं आम्हाला वाटलं.

मंगळवारी आठला निघायचं होतं, निघालो पावणेदहाला. एका गाडीचं मागचं चाक रात्रीत बसलं होतं. शेखाडीचा रस्ता समुद्राला इतका चिकटून जातो की तिथे न थांबणारा माणूस मी अजून पाहिला नाही, म्हणून तिथे अर्धा तास गेला. बागमांडल्याला पोचलो आणि डोळ्यांसमोर बोट सुटली. दिवाळीच्या सुटीची गर्दी अजून ओसरली नव्हती, पुढच्या बोटीत मोटरसायकली मावल्या, पिकअप मावला नाही. वेश्वीला उतरून त्याची वाट पाहत बसलो. केळशीला जेवायला तीन वाजले. नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. दाभोळच्या धक्क्यावर आलो तेव्हा पूर्ण अंधार होता.

कोकणातल्या आतल्या रस्त्यावर रात्री गाडी चालवणं म्हणजे काय, हे चालवलेल्यालाच कळतं. चिरेखाणींतून जांभ्याचे ट्रक निघतात, त्यांच्यातून सांडलेली लाल बारीक खडी नेमकी वळणावर जमते. दिवसा तिचा रंग दिसतो, रात्री हेडलाइटमध्ये रस्ता आणि खडी एकच होतात. गटातले काका, तेच एकसष्टचे, सांगलीचे निवृत्त शिक्षक, त्यांनी तो शेवटचा टप्पा दोन्ही पाय जमिनीच्या जवळ धरून पार केला. गुहागरला पोचलो रात्री पावणेनऊला. जेवण, आंघोळ, घरी फोन. काका म्हणाले की झोप लागायला साडेबारा झाले.

सकाळी त्यांनी हेल्मेट घालताना मान दोनदा चोळली. मी ते पाहिलं आणि विचारलं नाही. विचारणं हे स्वीपचं काम होतं.

धक्का

बुधवारी पुन्हा उशीर झाला होता आणि संध्याकाळपर्यंत देवगड गाठायचं होतं, म्हणून सगळे घाईत होते. हेदवी, वेळणेश्वर दोन्ही सोडून सरळ तवसाळचा उतार उतरलो. बोट मिळाली. पिकअप याही बोटीत मावला नाही. "पुढच्या फेरीला येईल," असं म्हणून आम्ही निघालो. प्रथमोपचाराचा डबा पिकअपमध्ये होता.

आता भरतीबद्दल सांगायला हवं. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना भरतीचं कोष्टक लागत नाही. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, येईल तो भरती पूर्ण भरण्याचा तास. चंद्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो आणि भरती त्याच्यामागून सरकते. पाऊण तास हा त्याच हिशेबाचा तोंडी करायला सोपा आकडा. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटीचं पाणी तळाला जातं. त्या दिवशी कार्तिक शुद्ध दशमी होती. दहा त्रिक तीस, भागिले चार, साडेसात. म्हणजे सकाळी साडेसातला भरती आणि दुपारी पावणेदोनच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. आम्ही उतरलो पाऊण वाजता.

अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. तरी सकाळी बुडालेला धक्क्याचा खालचा भाग उघडा पडला होता. हिरवट शेवाळाचा पट्टा, त्यावर बोटाच्या पेराएवढा मऊ गाळ, आणि त्यात बोटीच्या फळीने ओढलेल्या चकचकीत रेघा. वरच्या कोरड्या काँक्रीटपर्यंत दहा-बारा पावलं. भरतीला आलो असतो तर फळी त्या कोरड्या भागावरच टेकली असती.

फेरीबोटवाल्यांनी काही चुकीचं केलं नाही. ते दिवसभर हेच करतात. दुचाक्या आधी उतरवल्या, हाताने खूण केली, "चला, चला." चुका आमच्या होत्या आणि त्या एकामागोमाग एक झाल्या. लीड सर्वांत आधी उतरला आणि सरळ वर जाऊन वळणापलीकडे थांबला, कारण बारा गाड्या उभ्या करायला जागा हवी होती. त्यामुळे उताराच्या पायथ्याशी आमचं कुणीच उरलं नाही. दुसरा गेला. तिसऱ्याने दुसऱ्या गिअरमध्ये चढ घेतला आणि गाडी मध्येच बंद पडली. काका चौथे. ते फळीवरून खाली आले होते, समोर गाडी अडली, डावीकडून काढावी म्हणून त्यांनी हँडल वळवलं आणि त्याच क्षणी पुढचा ब्रेक दाबला.

पुढचं चाक खालून निघून गेलं. त्यांच्या जुन्या बुलेटला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, नव्हतं, पण असतं तरी चालण्याच्या वेगाला त्याचा उपयोग नसतो. गाडी डावीकडे आडवी झाली, क्रॅशगार्डमुळे पाय वाचला, आणि काकांनी स्वतःला सावरायला डावा हात टेकला. मी बोटीतच होतो, माझ्यापुढे सात माणसं. स्टँड लावून धावत उतरलो, तोवर ते उठून बसले होते आणि म्हणत होते, "काही नाही, काही नाही, गाडी उचला आधी."

मनगट तोवर उपड्या ठेवलेल्या काटेचमच्यासारखं वाकडं दिसायला लागलं होतं.

अंगठी

हा भाग मी थोडा सावकाश लिहितो, कारण पुढच्या पंधरा मिनिटांत जे बरोबर झालं ते आमच्यामुळे झालं नाही.

काकांच्या डाव्या हातात लग्नातली अंगठी होती, पस्तीस वर्षांची, बोटात रुतलेली. हाताला सूज चढायला लागली की अंगठी बोटाचा रक्तपुरवठा तोडते, म्हणून घड्याळ आणि अंगठी आधी काढायची असते. मला ते माहीत होतं, पण अंगठी हलेना. ओढली की काका कळवळायचे. धक्क्यावर मासळी उतरवणारी एक मावशी हे बघत होती. ती न बोलता गेली आणि टपरीतून खोबरेल तेलाची बाटली आणि गजऱ्याचा दोरा घेऊन आली. दोऱ्याचं एक टोक तिने अंगठीखालून सरकवलं, दुसऱ्या टोकाने बोटाला पेराच्या दिशेने शेजारी शेजारी घट्ट वेढे दिले, वर तेल सोडलं आणि आतलं टोक सावकाश उलगडत गेली. वेढ्यावेढ्याने अंगठी पुढे आली आणि पेरावरून सुटली. तिने ती काकांच्या उजव्या तळहातावर ठेवली आणि मूठ मिटवली.

मग तिने मासळीच्या खोक्यातला बर्फ आणला. मी हात त्यात ठेवायला निघालो तशी म्हणाली, "उघड्यावर नको लावू रे, फडक्यात गुंडाळ." टपरीवरचं वर्तमानपत्र जाड घडी करून मनगटाखाली लावलं, उपरण्याने बांधलं, दुसऱ्या उपरण्याची झोळी केली. बोटांची नखं दाबून पाहिली, सोडल्यावर लाली परत येत होती. म्हणजे रक्त पोचतंय. तेवढ्याने मला पहिल्यांदा श्वास घेता आला.

आमचा डबा अजून तवसाळच्या बाजूला होता. पिकअप यायला पस्तीस मिनिटं लागली. काकांना पुढच्या सीटवर बसवून पन्नासेक किलोमीटरवर रत्नागिरी गाठली. एक्स-रेत मनगटाच्या वरच्या हाडाला मोड निघाली. हाड बसवून प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे, आणि गाडीचं नाव त्यानंतर काढा.

रत्नागिरीची रात्र

देवगडचं बुकिंग गेलं, सगळे रत्नागिरीतच थांबलो. त्या रात्री लॉजच्या गच्चीवर जी बोलणी झाली त्यावर माझं आणि लीडचं एकमत व्हायला बरेच महिने लागले.

किनाऱ्याने गेलं तर नेहमीच्या वेगाने दोन दिवस, म्हणजे शुक्रवारी रात्री वागातोर आणि पहिला दिवस हुकणार. हायवेने गेलं तर गुरुवारी संध्याकाळी आरामात पोचता येत होतं. चौघांना पहिला दिवस हवाच होता. त्यातला एक नाशिकचा मुलगा सरळ म्हणाला, "दादा, मी यासाठीच पैसे साठवलेत. काकांचं वाईट वाटतंय, पण मला जाऊ द्या." बाकीच्यांना किनारा सोडायचा नव्हता. आणि काका कोपऱ्यात बसून पुन्हा पुन्हा सांगत होते, "माझ्यामुळे कुणाचं काही राहू नये. मला सांगलीच्या गाडीत बसवून द्या आणि तुम्ही सगळे जा."

माझं म्हणणं होतं की गट एकत्र निघाला, एकत्र पोचला पाहिजे. लीड बराच वेळ गप्प होता. मग त्याने चौघांना हायवेने जायची परवानगी दिली, अटी घालून. उजाडल्यावरच निघायचं, अंधार पडायच्या आत पोचायचं. हातखंबा ते लांज्याच्या पुढेपर्यंत रस्त्याचं काम अर्धवट होतं, तिथे ओव्हरटेक करायचं नाही. राजापूर, कणकवली, सावंतवाडी या तीन ठिकाणी थांबून फोन करायचा. चौघांतला सर्वांत अनुभवी पुढे आणि दुसरा अनुभवी मागे. काकांना तो म्हणाला, "काका, तुम्ही सांगलीला नाही जायचं. तुमची बुलेट पिकअपमध्ये चढते आणि तुम्ही पुढच्या सीटवर. तुम्ही गेलात तर उद्यापासून प्रत्येक जण तुमचंच ओझं घेऊन गाडी चालवेल."

मला तेव्हा हे गट फोडणं वाटलं. आता वाटतं, तो बरोबर होता. माझं म्हणणं ऐकलं असतं तर चार नाराज माणसं घाईघाईने किनाऱ्यावरची वळणं घेत गेली असती, आणि जयगडला जे झालं ते घाईनेच झालं होतं. गट एकत्र ठेवायची माझी ओढ खरी होती, पण त्या रात्री ती चौघांच्या जिवावर उठू शकली असती.

चौघं गुरुवारी दुपारी चारला वागातोरला पोचले, तिन्ही फोन वेळेवर आले.

उरलेल्या सात गाड्या आणि पिकअप किनाऱ्याने निघाले. पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, हा एक दिवस. दुसऱ्या दिवशी कुणकेश्वर, आचरा, मालवण, परुळे, वेंगुर्ला, शिरोडा, रेडी. या दोन दिवसांत आम्ही पहिल्यांदा कोकण पाहिलं. तेरेखोलला फेरीपाशी आलो तेव्हा सूर्य बुडत होता. लीड गाडी वरच उभी करून चालत खाली गेला, बुटाने उतार घासून पाहिला, फळीच्या पुढे उभा राहिला आणि एका वेळी एक गाडी बोलावली. पुढची पूर्ण चढून गेल्याशिवाय मागची हलायची नाही. पहिला गिअर, हँडल सरळ, पुढच्या ब्रेकवर बोट नाही. सात गाड्यांना आठ मिनिटं लागली. तेवढीच आठ मिनिटं आम्ही जयगडला वाचवायला गेलो होतो.

केरीला उतरलो. ती कार्तिक शुद्ध द्वादशी होती, तुळशीच्या लग्नाचा दिवस, गोव्यात व्हडली दिवाळी म्हणतात. हरमल, मांद्रे, मोरजी, प्रत्येक अंगणात वृंदावन रंगवलेलं, उसाची कांडी उभी केलेली, पणत्यांच्या रांगा. हेल्मेटची काच वर करून हळू चालवत गेलो. पिकअपच्या खिडकीतून काकांचं प्लास्टर बाहेर आलेलं दिसत होतं. वागातोरला पोचलो रात्री आठला, मोटोव्हर्सचा पहिला दिवस संपत असताना. नाशिकचा मुलगा फाटकापाशी उभा होता. नव्या हिमालयनची किंमत त्याने काकांना सांगितली, दोन लाख एकोणसत्तर हजारांपासून, आणि मग अर्धा तास ती गाडी कशी दिसते ते सांगत राहिला.

काय बदललं

वागातोरच्या पहिल्या रात्रीचे पैसे आम्ही पाहुण्यांना परत केले. चूक योजनेची होती आणि योजना आमची होती.

मग कागद नव्याने केला. आता त्यावर किलोमीटरचा रकाना सर्वांत शेवटी येतो. आधी खाड्या. एका दिवसात जास्तीत जास्त दोन फेऱ्या, एक जेवणाआधी आणि एक नंतर, प्रत्येकीला दीड तास. रोजची तिथी आणि तिच्यावरून काढलेली भरती, म्हणजे कोणत्या धक्क्यावर उतार उघडा असेल ते आदल्या रात्री कळतं. मोबाइलवरचं कोष्टकही बघतो, पण तिथीचं गणित गटातल्या सगळ्यांना तोंडी येतं याला मोल आहे, कारण मग धक्का जवळ आला की पाण्याची चौकशी लीडने करायची वाट कुणी बघत नाही. प्रथमोपचाराचा डबा स्वीपच्या गाडीला बांधलेला, त्यात मजबूत दोरा आणि तेलाची छोटी बाटली. पिकअप धक्क्यावर सर्वांत आधी पोचतो आणि तो बोटीत चढल्याशिवाय दुचाकी चढत नाही. सूर्यास्ताच्या तासभर आधी मुक्काम.

आणि सकाळी स्वीप प्रत्येकाला विचारतो, रात्री किती वाजता झोप लागली. आकडा वाईट असेल तर त्या दिवशीचा टप्पा कमी होतो, कुणाचाही असो.

हे सगळं केलं तरी एक गाठ सुटेना. खाड्या नीट धरून मांडवा ते वागातोर कागदावर सहा दिवस होत होते. सहाव्या दिवसाच्या टोकाला मेळाव्याची तारीख उभी असली की पहिल्या दिवसापासून प्रत्येक उशीर काट्यासारखा बोचतो. मेळावा गाठायचा म्हणून किनारा पळवला जातो. एक राखीव दिवस ठेवून पाहिला, तर तो दुसऱ्याच दिवशी खर्च व्हायचा.

उत्तर पुढच्या वर्षी निवडणुकीने दिलं. २०२४ चा मोटोव्हर्स २२ ते २४ नोव्हेंबरला आणि महाराष्ट्र विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला. मतदान चुकवून सहलीला यायला कुणी तयार नव्हतं, आम्हीही नव्हतो. मतदान करून दोन दिवसांत किनाऱ्याने गोवा अशक्य. मग लीड म्हणाला, "उलटं करू. हायवेने जाऊ, मेळावा बघू, आणि परत येताना किनारा घेऊ." परतीच्या वाटेला तारीख नसते. शिवाय नोव्हेंबरात दक्षिणेकडे जाताना दुपारचं ऊन सरळ डोळ्यांवर येतं, उत्तरेकडे येताना ते पाठीवर असतं. दुपारनंतर समोरून वारा लागतो, पण वारा सहन होतो.

काकांनी ऑगस्टमध्येच फोन केला होता. "या वर्षी माझं नाव पहिलं लिही."

सोमवारी २५ तारखेला वागातोर सोडलं. मालवण, देवगड, रत्नागिरी, रोज एक मुक्काम. गुरुवारी सकाळी जयगडला आलो. कार्तिक वद्य त्रयोदशी. गाडी उभी करून काकांनी हेल्मेट काढलं आणि मोठ्याने हिशेब केला, "तेरा त्रिक एकोणचाळीस, भागिले चार, पावणेदहा." घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. पाणी धक्क्यावर चढलेलं, शेवाळाचा पट्टा कुठेच दिसत नव्हता. तरी ते चालत खाली गेले आणि पाण्याच्या कडेला ओणवे होऊन त्यांनी डाव्या हाताने काँक्रीट चाचपलं. तर्जनीच्या नखावर आठ दिवसांपूर्वीची शाई होती, शेजारच्या बोटांत अंगठी परत आली होती.

मासळीची मावशी त्या दिवशी धक्क्यावर नव्हती. टपरीवाल्याने सांगितलं, लेकीकडे गेलीय, येईल परवा. काकांनी सांगलीहून तिच्यासाठी आणलेली हळदीची पुडी टपरीवर ठेवली, तिच्या हातात नक्की द्या म्हणून दोनदा सांगितलं, आणि बोटीची फळी टेकल्यावर पहिला गिअर टाकून सावकाश आत चढले.